अडीच सुताचा बोल्ट

आमच्या बुकिंग ऑफिसच्या टेबलाला डाव्या हाताला एक खण आहे. लग्न आटोपून पाहुणे गेले की गवतात, खुर्च्यांखाली, नवरीच्या खोलीत जे काही सापडतं ते त्यात येऊन पडतं. एका कानातलं झुमकं, बाळाचा एकच मोजा, कुणाच्या तरी चष्म्याची काडी. न्यायला कुणी येत नाही आणि फेकून द्यायला माझा हात धजत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. आपण काही जमवायला बसलेलो नसतो. दुपारच्या चहाला चार माणसं टेकतात, एखादा काहीतरी बोलून जातो, आणि ते खणात पडून राहतं.

माझ्या खणातले निम्मे किस्से गवत कापायच्या एकाच मशीनचे आहेत. त्यातही त्या मशीनच्या पोटातल्या चार बोल्टांचे!

मखमलाबादच्या पुढे, जिथून धुक्याच्या दिवसांत रामशेजचा डोंगर नुसता अंदाजाने ओळखावा लागतो, तिथे आमचं लॉन्स आहे. नाशिकला आता लग्नाच्या जागेला कार्यालय कोण म्हणतंय? सगळी लॉन्स. दीड एकर हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला गेट आणि कडेला मधोमध माझी खिडकी. चौदा वर्षं मी त्या खिडकीत बसते. लोकांना वाटतं सुनंदाताई तारखा लिहितात. खरं सांगायचं तर मी गवत बघत असते. सकाळी दव असताना ते राखाडी दिसतं, दहाच्या सुमाराला हळूहळू हिरवं होतं, आणि ते नेमकं कधी झालं हे मला चौदा वर्षांत एकदाही पकडता आलेलं नाही.

मालक आमचे अण्णा. पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांच्या धंद्यातले. माळी निवृत्तीमामा, हरसूलकडचे, बोलायला कमी आणि ऐकायला जास्त. मशीन दुरुस्तीला येणारे शकीलभाई, मूळचे मालेगावचे. अर्धं आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलं, आता नाशकात गॅरेज आहे. आणि अण्णांची मुलगी गौरी. एवढीच आमची चहाची मंडळी.

अण्णांच्या डोक्यात दर उन्हाळ्यात प्लास्टिकचं गवत उगवायचं. “पाणी नको, कापणं नको, बारा महिने हिरवं!” असं ते चहा पिता पिता म्हणायचे आणि मामांचा कप बशीत हलायला लागायचा. कारण सरळ होतं. प्लास्टिक आलं की मशीन जाणार, आणि मशीन गेलं की मामांना काम काय? साठीला आलेल्या माणसाने हरसूलला परत जायचं, भाताची दोन खाचरं करायची आणि हंगामात दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला उतरायचं. म्हणून बोल्टाचे हे सगळे किस्से हसत हसत सांगते खरी, पण प्रत्येक वेळी मामांचा तो हलणारा कप मला दिसत असतो.

•

मशीन आलं ते एका फार्महाउसवाल्याकडून, वापरलेलं. लाल रंगाचं, बसून चालवायचं, पोटाखाली पाती फिरणारं. लहान मुलाने काढलेल्या ट्रॅक्टरसारखं दिसायचं. अण्णांनी नारळ फोडला, मामांना सीटवर बसवलं, आणि मामा स्टिअरिंगला हात न लावता नुसते बसून राहिले. पाच मिनिटं. शेवटी अण्णांनी विचारलं.

“काय झालं मामा?”

“काय नाय. बसलोय.”

तिकडे शकीलभाईंनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाले, “अण्णा, इंजिन बसतं चार बोल्टांवर. हे तीनवर बसलंय.”

अण्णांचा चेहरा उतरला. त्यात एक गोम आहे. अण्णांच्या शेडमध्ये द्राक्षांची पेटी एका घडाने कमी असली तरी टेम्पोत चढायची नाही. “उणा माल गेटाभाईर जाणार नाय,” हा त्यांचा कायदा. घरात, शेडमध्ये, लॉन्सवर, सगळीकडे एकच. एकदा शेजाऱ्याची शिडी आणली होती, तिची एक पायरी आधीपासूनच मोडलेली. अण्णांनी नवी पायरी ठोकून घेतली आणि मगच शिडी परत पाठवली. शेजारी म्हणाला, “अजून दोन दिवस ठेवा की अण्णा, वरची पण हलतेय!”

अशा माणसाला कुणीतरी एक बोल्ट कमी असलेलं मशीन दिलं! आठवडाभर ते येताजाता एवढंच म्हणत होते, “मला उणं दिलं.” मी म्हटलं, अण्णा, एक बोल्टच तर आहे. तर माझ्याकडे असं बघितलं की मी तारखा लिहायला लागले.

•

तो चौथा बोल्ट मिळवण्याची तऱ्हा ऐका.

शकीलभाईंनी उरलेल्या तिन्हींवर तेराचा पाना लावून बघितला. बसला. तेराचा पाना बसतो म्हणजे बोल्ट आठ एमएमचा, हे कुठल्याही मिस्तरीला झोपेत विचारा. नवाकोरा बोल्ट आणला, वायसर घातलं, फिरवायला लागले. दोन आटे सुरळीत गेले. तिसऱ्याला हात थांबला. दुसरा कुणी असता तर त्याने जोर लावून आतले आटे खलास केले असते. शकीलभाईंनी डोळे मिटले, पाना सोडला आणि नुसत्या बोटांनी बोल्ट परत उलटा फिरवून बाहेर काढला.

“ताई, गलती झाली,” मला येऊन सांगतात. खरं तर मला काय कळतंय त्यातलं? “हा एमएमवाला नाही. इंची आहे. अडीच सुताचा, आठ सुतांचा एक इंच. आठ एमएमच्या इतका जवळ, की डोळ्याला फरकच नाही. पण आट्याला कळतं.”

अडीच सुताचा बोल्ट, त्याच आट्याचा, नाशकात कुठे मिळेना. द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत सगळी दुकानं झाली. शेवटी शकीलभाई ईदला मालेगावी गेले आणि येताना खिशातून कागदाची पुडी काढली. आत एकच बोल्ट, काळपट, जुना. त्यांच्या वडिलांच्या भंगारातल्या मागाचा. ते जुने माग सगळे इंची आट्याचे.

बोल्ट असा काही गेला की जणू घरी आला. मामांनी मशीन चालू केलं. सगळी धडधड जाऊन नुसती घुमणारी गुणगुण राहिली. शकीलभाई कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “अब्बांच्या मागाने पन्नास वर्षं कापड विणलं. आता त्याला म्हणावं, जरा गवतात फिर.”

•

आता मामांच्या झोपेबद्दल.

मशीन नीट चालत असलं की मामांना त्यावर झोप लागायची. हे कुणाला खरं वाटत नाही. सकाळचं कोवळं ऊन, कापल्या गवताचा वास, खाली ती गुणगुण, आणि मामा डोळे मिटून सरळ रेषेत चाललेत. कडेच्या मेंदीपाशी आपोआप वळायचे आणि परत यायचे. मी खिडकीतून बघायचे आणि माझेही डोळे जड व्हायचे. एकदा फोनवर एका बाईंना मी मुहूर्ताची तारीख सांगता सांगता मध्येच गप्प झाले. त्या बिचाऱ्या दोन मिनिटं “हॅलो, हॅलो” करत होत्या!

मामांना जाग यायची ती फक्त बोल्टाने. चारातला एक जरी पाव फेरा सैल झाला, तरी आवाजात बारीक खरखर यायची, कपात चमचा हलावा तशी. तुम्हाआम्हाला ऐकू येणार नाही. मामा मात्र दचकून उठायचे, मशीन बंद करायचे.

“मामा, झोपेत कसं कळतं हो?”

“इंजिन सपनात बोलतंय ताई. म्हनतंय, मामा, माझा पाय सुटला.”

एकदा मात्र घोटाळा झाला. पुढचा डावीकडचा सैल झाला, पट्टा घसरला, आणि मामा जागे होईपर्यंत मशीन मधोमध गोल गोल फिरत राहिलं. हिरवळीवर एकात एक अशी पाच वर्तुळं. अर्ध्या तासात लग्नाची मंडळी येणार! मामा घामाघूम. नवऱ्यामुलाबरोबर फोटोग्राफर आला, ऑफिसच्या गच्चीवर चढला, खाली बघितलं आणि ओरडला, “वा! रिंग सेरेमनीची थीम आहे का? आधी सांगायचं ना!”

पुढच्या महिन्यात दोन पार्ट्यांनी मला फोन करून विचारलं, वर्तुळांचं वेगळं काही द्यावं लागेल का म्हणून.

•

शकीलभाईंनी मग मामांना एक युक्ती शिकवली. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली इंजिनाच्या पायापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. सकाळी बॉनेट उघडायचं, चार रेघा बघायच्या, संपलं काम.

रंग कुठून आणायचा? मामांनी इकडेतिकडे बघितलं. लग्नाच्या लॉन्सवर फुकट आणि रोज उरणारी रंगाची वस्तू एकच. हळद! तेलात कालवलेली, परातभर. मामा रोज आंघोळ करून यायचे, बॉनेट उघडायचे आणि अनामिकेने चार बोल्टांवर चार पिवळ्या रेघा ओढायचे. वाकून, मन लावून, तोंडाने काहीतरी पुटपुटत. ते पुटपुटणं म्हणजे कुठला किती आवळलाय याचा हिशेब होता, पण बघणाऱ्याला काय माहीत?

एका लग्नात मुलाच्या आत्याबाई लवकर आल्या होत्या. त्यांनी हे सगळं लांबून बघितलं. मामा गेल्यावर त्या चप्पल काढून मशीनपाशी गेल्या, हळदीकुंकू वाहिलं, पाच प्रदक्षिणा घातल्या. त्यांच्या मागे जावा, त्यांच्या मागे नणंदा. बघता बघता रांग लागली. त्यातल्या एक बाई माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या, “कोणाचं स्थान आहे हो हे?”

मी काय सांगणार? म्हटलं, “माहीत नाही, पण जागृत आहे. एक दिवस दुर्लक्ष केलं की हादरे देतं!”

त्या परत जाऊन अजून एक प्रदक्षिणा घालून आल्या.

•

खंडेनवमीचा किस्सा म्हणजे या सगळ्यावर कडी.

अष्टमीला संध्याकाळी मामा गवत कापत होते. अर्धी हिरवळ झाली आणि मागचा उजवा, तो मालेगावचाच, बोल्ट सैल झाला. अंधार पडत आलेला, मामा म्हणाले, सकाळी आवळू. आणि सकाळी लक्षात येतं, सगळे पाने तर पूजेत! खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही. पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पक्कड, विळे, कोयते ओळीने मांडलेले, वर झेंडूची फुलं. आणि त्याच संध्याकाळी साखरपुडा.

मी शकीलभाईंना फोन लावला. “भाई, तुमच्यात तर नसतं ना हे? तुमचा पाना घेऊन या.”

“ताई, माझे पाने तुमच्याच पाटावर आहेत! मामा कालच घेऊन गेले. म्हणाले, यांनी काय पाप केलं, यांची पण पूजा होऊ दे.”

मग मला सुचलं, आचाऱ्याकडे सांडशी असते. ते काही हत्यार नाही, स्वयंपाकाची वस्तू. मी भटारखान्यात गेले आणि बघते तर तिथे वेगळा पाट. झारे, सांडश्या, उलथनी, सगळ्यांना गंध लावलेलं. आचारी हात जोडून उभा. “ताई, आमची तलवार तीच!”

त्या दिवशी लग्नघराला जेवण कसं मिळालं विचारू नका. शेजारच्या आचाऱ्याकडून भांडी आणली, तो परवाच पूजा उरकून बसला होता म्हणे, त्याचं पंचांगच वेगळं.

पण ती येईपर्यंत गवत कापायची वेळ टळून गेली होती. मग गवताचं काय? अर्धं आखूड, अर्धं घोट्याएवढं उंच. मी दोन पाट्या लिहून लावल्या. आखूड बाजूला मुलीकडचे, उंच बाजूला मुलाकडचे. मुलाचे काका खुर्चीवर बसले आणि पायाखाली बघून म्हणाले, “आमच्याकडचंच गवत वाढलेलं कसं?”

“मानाचं आहे काका!” मी म्हटलं. काका खूश. मुलीकडच्यांनी मात्र घरी जाऊन आपापसात काय म्हटलं असेल कोण जाणे.

•

याच खंडेनवमीने पुढे मामांच्या तोंडचं पाणी पळवलं.

झालं असं, की झाडलोटीच्या बायकांनी पूजेआधी मशीन चकचकीत धुतलं. मामांच्या हळदीच्या रेघा पुसल्या गेल्या. बायका भाविक. त्यांना वाटलं, मामांची रोजची पूजा आपल्या हातून मोडली. म्हणून त्यांनी चारही बोल्टांवर पुन्हा अगदी सरळ, सुबक रेघा ओढून ठेवल्या. सैल बोल्टावर सुद्धा! दसऱ्याला मामांनी बॉनेट उघडलं, रेघ सरळ दिसली. त्यांना वाटलं शकीलभाईंनी आवळला. शकीलभाईंना वाटलं मामांनी आवळला. आणि तिसऱ्या दिवशी, लग्नाच्या दोन तास आधी, तो मालेगावचा बोल्ट गवतात कुठेतरी पडला.

दीड एकरात एक बोल्ट! डीजेवाल्याकडून जळक्या स्पीकरचं लोहचुंबक मागून आणलं, त्याला दोरी बांधली आणि मामा ते गवतावरून ओढत चालले, माणूस कुत्र्याला फिरवायला नेतो तसे. चुंबकाला काय काय चिकटून आलं! केसांचे आकडे, सेफ्टी पिना, एक चमचा, नवरदेवाच्या घोड्याच्या नालेचा खिळा. बोल्ट नाही.

गौरी तेव्हा कॉलेजात होती. ती अभ्यासाला मशीनच्याच मडगार्डवर येऊन बसायची, मामा चालवत असले तरी. म्हणायची, या आवाजात पाठ होतं. तिने काय केलं, चपला काढल्या आणि अनवाणी गवतातून चालायला लागली. घाई नाही काही नाही. आकाशाकडे बघत, आपल्याच नादात. वीस मिनिटांनी थांबली, पाय उचलला. अंगठा आणि शेजारच्या बोटात बोल्ट!

अण्णा सगळं बघत उभे होते. म्हणाले, “या बोल्टापायी एक दिवस मशीन भंगारात जाईल, बघा तुम्ही.”

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. लग्नाचं जेवण, पुरणपोळी होती.

•

गौरीचं लग्न ठरलं ते नागपूरच्या घरात. अण्णांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. शेजारच्या दोन्ही लॉन्सवाल्यांनी एव्हाना प्लास्टिक टाकलं होतं, गिऱ्हाईक तेच मागत होतं. अण्णा मामांकडे न बघता बोलले.

“गौरीचं लग्न हिरव्या गवतावर होईल. ते शेवटचं. नंतर प्लास्टिक. प्लास्टिकवाल्याला मी शब्द दिलाय. मशीनला टेम्पो पण सांगितलाय.”

अण्णा दिलेला शब्द फिरवत नाहीत, हे आम्हाला जितकं ठाऊक होतं तितकं मामांनाही. मामा एवढंच म्हणाले, “लगनाला गवत चांगलं करतो अण्णा.” आणि गेले.  शकीलभाई खिडकीतून बाहेर बघत होते, तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

गवत मामांनी असं केलं की पाऊल टाकायला जीव होऊ नये. हळदीच्या दिवशी सकाळी गौरी पिवळ्या हातांनी मांडवातून उठली आणि थेट शेडमध्ये गेली. मामांनी बॉनेट उघडून ठेवलं होतं, नेहमीसारखं. तिने अनामिकेने चार बोल्टांवर चार रेघा ओढल्या. तिच्याच अंगाच्या हळदीच्या. बॉनेट मिटलं आणि त्याच्यावर पंजा ठेवून थोडा वेळ उभी राहिली. पंजा उमटला. मामांनी तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी गाडी गेटाशी उभी, आणि स्टेजपासून गेटापर्यंत सगळी हिरवळ. गौरी म्हणाली, “मी मामांबरोबर जाते.” शालू सावरून मडगार्डवर बसली. मामांनी मशीन चालू केलं. बँडवाले आपणहून थांबले. ती गुणगुण, संध्याकाळचं पिवळं ऊन, आणि ते दोघं इतके सावकाश चालले होते की पोचूच नयेत असं वाटत होतं. मामांचे डोळे मिटलेले होते. या वेळी झोपेने नव्हे.

गेटाशी उतरल्यावर गौरीने बॉनेट उघडून बघितलं. चारही रेघा सरळ होत्या. मग ती अण्णांच्या गळ्यात पडून रडली.

•

आठ दिवसांनी टेम्पो आला.

मामांनी मशीन धुऊन, पुसून शेडबाहेर आणून लावलं होतं. गौरीचा पंजा आणि तिच्या चार रेघा तेवढ्या ठेवल्या होत्या. फळी लावली, दोर आले. शकीलभाई मुद्दाम काम टाकून आले होते. अण्णा गेटापाशी उभे राहिले, द्राक्षांच्या पेट्या सुटताना राहायचे तसे, आणि म्हणाले, “बॉनेट उघडा. माल बघून घेऊ द्या त्याला.”

उघडलं. तीन बोल्ट!

चौथ्याच्या जागी भोक, आणि इंजिनाच्या पायावर हळदीची अर्धी रेघ. उरलेली अर्धी बोल्टाच्या डोक्यावर गेलेली. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. “सकाळी व्हता अण्णा. मी स्वता बघितला. देवाची आन.”

टेम्पोवाला म्हणाला, “जाऊ द्या ना शेठ, भंगारात कोण बोल्ट बघतंय?”

“मी बघतो,” अण्णा म्हणाले. “उणा माल गेटाभाईर जाणार नाय.”

चुंबक आलं, दोरी आली. मामा दीड एकर दोनदा फिरले. शकीलभाई शेडमध्ये पोटावर सरपटले. आकडे मिळाले, पिना मिळाल्या, गौरीच्या मुंडावळीतला एक मोती मिळाला, तो मी खणात ठेवला. बोल्ट नाही. तिसऱ्या प्रहरी टेम्पो रिकामा परत गेला.

शकीलभाई म्हणाले, “अण्णा, घरी मालेगावला अजून असतील एकदोन. आणू?”

“दुसरा नको. तोच पाहिजे. त्याच्यावर खूण हाय.”

प्लास्टिकवाल्याचा फोन आला. अण्णांनी माझ्यासमोर घेतला. “शब्द दिलाय, फिरवणार नाय. पण मशीन हाललं नाय तर शेड मोकळी होत नाय, आणि शेड मोकळी नाय तर तुमचे रोल ठेवायचे कुठं? बोल्ट सापडू द्या.” असं दर महिन्याला चाललं. दर सोमवारी अण्णा गेटातून आत आले की पहिला प्रश्न.

“मामा, सापडला का बोल्ट?”

“नाय अण्णा.”

“शोधा.”

आणि मामा काय करणार? शोधायचं तर गवत आखूड पाहिजे. ते तीन बोल्टांवर, सावकाश, जागं राहून, गवत कापत राहिले.

परवाची गोष्ट. सकाळी धुकं होतं. अण्णा माझ्यासमोर खुर्चीत बसले होते, मार्गशीर्षातल्या तारखा बघायला. गौरीचा फोन येऊन गेला होता, ती संक्रांतीला येणार म्हणून खुशीत होते. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसायला त्यांनी खिशातला रुमाल ओढून काढला.

टेबलाच्या काचेवर टण्णकन काहीतरी पडलं आणि गडगडत माझ्या वहीपाशी येऊन थांबलं.

काळपट, जुना, अडीच सुताचा. डोक्यावर हळदीची अर्धी रेघ.

बाहेर मशीनचा आवाज येत होता. अण्णांनी सावकाश बोल्ट उचलला, रुमालात नीट गुंडाळला, रुमाल खिशात ठेवला आणि चष्मा न पुसताच डोळ्यांवर चढवला.

“सुनंदाताई, सापडला का हो बोल्ट?”

“नाही अण्णा,” मी म्हटलं.

“शोधायला सांगा मामांना,” ते म्हणाले, आणि खिडकीतून गवताकडे बघत बसले.